बटन दिसतं, दाबलं जातं, पण होत काहीच नाही: मॅटप्लॉटलिबच्या टूलबारची दुरुस्ती

"सर, बटन मेलं." पेरण्या आटोपल्या की हे वाक्य सुरू होतं, ते कापूस वेचणीला येईपर्यंत थांबत नाही.

पांढरकवड्याच्या बाजूला एका कृषी महाविद्यालयाचा संगणक कक्ष मी सांभाळतो. शेवटच्या वर्षाची पोरं गावोगावच्या कामगंध सापळ्यांतले पतंग मोजून आणतात, महसूल मंडळांचा रोजचा पाऊस उतरवून घेतात आणि पायथनमधल्या मॅटप्लॉटलिबवर त्याचे आलेख काढतात. नुसत्या आलेखावर मात्र कोणाचं समाधान होत नाही. एकाला दर तालुक्याचं वेगळं बटन पाहिजे. दुसरीला '६५ मिमी' नावाचं, म्हणजे दाबलं की अतिवृष्टीच्या हद्दीची आडवी रेघ यावी. तिसऱ्याला '८ पतंग'. सलग ३ दिवस सापळ्यामागे रोज ८ पतंग ही गुलाबी बोंडअळीची आर्थिक नुकसानीची पातळी, तर तेवढे दिवस लाल रंगात उठून दिसावेत. २०१७ च्या खरिपात विदर्भात बोंडअळीनं जो कहर केला, तेव्हापासून या बटनाची मागणी दरवर्षी ठरलेलीच.

बटन बनवायला दोन ओळी लागतात. दाबल्यावर जे घडायला पाहिजे ते फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, त्याला जोडायचं तिथं गाडी फसते. मी आजवर जेवढी मेलेली बटनं पाहिली त्यांत बटन बहुतेकदा धडधाकट असतं आणि फंक्शनही. निखळलेला असतो तो मधला सांधा.

एक सूचना आधीच. लायब्ररीतली नावं मी बोलतो तशी देवनागरीत लिहितोय. टाइप करताना ती इंग्रजीतून करायची आणि अंडरस्कोर दाखवलाय तिथंच ठेवायचा. फंक्शनांची नावं मराठी दिसतील, ती मात्र खरोखर तशीच चालतात. पायथन ३ ला 'दाखवा' हे नाव कुठल्याही इंग्रजी नावाइतकंच मान्य आहे.

लक्षणं

पुढच्यापैकी आपलं कोणतं ते आधी कागदावर लिहा. "चालत नाही" हे लक्षण नव्हे.

– बटन दिसतं, दाबलं की ढिम्म. एररही नाही.
– प्रोग्राम सुरू होतानाच काम एकदा आपोआप होऊन जातं, नंतर बटन दाबा की नका दाबू.
– पाच तालुक्यांची पाच बटनं, पाचही शेवटचाच तालुका दाखवतात.
– थोडा वेळ चालतं, मग मान टाकतं.
– दाबलं की अख्खी विंडोच गायब.
– दाबल्यावर काही दिसत नाही, पण विंडो ओढून मोठी केली की बदल एकदम उमटतो.
– टूलबारवरचं 'होम', म्हणजे मूळ दृश्यावर परत नेणारं बटन, दाबलं की मागच्याच तालुक्याची अक्षं परत येतात.
– टूलबारच, म्हणजे विंडोवरची बटनांची पट्टीच नाही, नुसतं चित्र आहे.
– टूलबार आहे, पण आपण घातलेलं बटन त्यावर येत नाही.
– बटनावरच्या मराठी अक्षरांच्या जागी चौकोन.

आता तपासण्या. सुरुवातीच्या तीन-चारांना मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत आणि बहुतेक लोक तिथूनच घरी जातात.

काळ्या पडद्यातून चालवा

आयकॉनवर डबलक्लिक करून प्रोग्राम सुरू करत असाल तर थांबा. टर्मिनल उघडा, त्या फोल्डरमध्ये जा आणि तिथून चालवा. कारण असं की कॉलबॅकच्या आत चूक झाली तर मॅटप्लॉटलिब सहसा विंडो बंद करत नाही. काय चुकलं तो मजकूर टर्मिनलमध्ये छापून पुढं चालू लागतं. टर्मिनलच नसेल तर तो मजकूर वाचायला कोण आहे? विंडोजवर फाइलचं शेपूट 'पीवायडब्ल्यू' असेल तर टर्मिनल उघडतच नाही, आणि 'प्रिंट' केलेलंही हवेत जातं.

मागच्या वर्षी एक पोरगी दोन दिवस रडकुंडीला आली होती. टर्मिनलमधून चालवलं तर पहिल्याच दाबात तिथं लाल ओळ: फाइल सापडत नाही. सापळ्यांची सीएसव्ही पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह मैत्रिणीच्या बॅगेत. बटनाचा बिचाऱ्याचा काय दोष.

दाबल्यावर विंडोच गायब होत असेल तर तीही बहुधा हीच गोष्ट आहे, फक्त रूप वेगळं. मॅटप्लॉटलिबची विंडो क्यूटी किंवा टीके अशी दुसरीच लायब्ररी उघडते, आणि क्यूटी पायथनमधून वापरायचं एक पॅकेज म्हणजे पायक्यूटी. पायक्यूटी ५.५ पासून असा नियम आहे की क्यूटीच्या बटनाला थेट जोडलेल्या फंक्शनमध्ये न पकडलेली चूक झाली तर सगळा प्रोग्रामच बंद पाडायचा. टीकेवर तीच चूक नुसती छापली जाते. म्हणून एकाच्या लॅपटॉपवर "नुसतं चालत नाही" आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर "उडून जातं", असे दोघं भांडत येतात तेव्हा दोघांचाही कोड तोच असतो.

फंक्शनच्या पहिल्या ओळीत एक 'प्रिंट'

काहीही लिहा. आमच्याकडे पोरं 'आलो' लिहितात. बटन दाबा. 'आलो' छापलं गेलं तर सांधा शाबूत आहे, दुखणं फंक्शनच्या आत. छापलं नाही तर फंक्शनकडे बघायचंच नाही, ते कितीही गचाळ असलं तरी. ही एक ओळ अर्धं काम वाचवते, कारण न चालणाऱ्या बटनावर माणूस पहिला हात फंक्शनवरच टाकतो आणि तिथं जे बरं चाललेलं असतं तेही मोडून ठेवतो.

उंदीर बटनावर नेऊन नुसता धरा

ही तपासणी मी कुठं वाचलेली नाही, हाताला लागली. मॅटप्लॉटलिबच्या 'विजेट्स'मधलं 'बटन' वापरलं असेल तर माउस वर आणल्यावर त्याचा करडा रंग किंचित उजळतो. उजळला तर बटन जिवंत आहे. नाही उजळला तर समोर दिसतंय ते बटनाचं कातडं, आतला जीव गेलेला. हा फरक फार बारीक असतो आणि आमच्या कक्षातल्या जुन्या मॉनिटरवर तर दिसतच नाही, म्हणून मी बटन बनवतानाच 'हव्हरकलर' भडक पिवळा ठेवायला लावतो.

बटन मेलेलं निघालं तर खाली 'बटन कोणी धरून ठेवलंय' वाचा. जिवंत असूनही 'आलो' छापत नसेल तर पुढची तपासणी.

कंस

'ऑन_क्लिक्ड(दाखवा)' आणि 'ऑन_क्लिक्ड(दाखवा())' या दोन्हींत फरक दोन कंसांचा, पण पहिल्यात आपण बटनाला फंक्शन सोपवतो आणि दुसऱ्यात फंक्शन तिथल्या तिथं चालवून त्याचं उत्तर सोपवतो. उत्तर बहुधा 'नन', म्हणजे काहीच नाही. म्हणून सुरुवातीला काम आपोआप एकदा होतं आणि नंतर बटन ढिम्म. लक्षणांच्या यादीतलं दुसरं लक्षण असेल तर आणखी काही तपासू नका, कंस काढा.

याच्याच शेजारची चूक: फंक्शनच्या कंसात एकही आर्ग्युमेंट न ठेवणं. 'ऑन_क्लिक्ड' कॉलबॅकला एक गोष्ट देतंच देतं, दाबण्याची घटना. ती घ्यायला जागा पाहिजे, तुम्ही वापरा की नका वापरू. जागा नसेल तर टर्मिनलमध्ये 'टाइपएरर' येतो. टर्मिनल उघडं असेल तर दिसतो.

आपण नेमके कोणत्या बॅकएंडवर आहोत

बॅकएंड म्हणजे आलेख प्रत्यक्ष पडद्यावर किंवा चित्रात उतरवणारा भाग. 'मॅटप्लॉटलिब.गेट_बॅकएंड()' छापून बघा. उत्तरात 'इनलाइन' किंवा नुसतं 'अॅग' आलं तर समोर आलेख नाही, आलेखाचा फोटो आहे. फोटोतलं बटन दाबून काही होत नाही. कोड लिहायच्या स्पायडर या प्रोग्राममध्ये सुरुवातीची मांडणी इनलाइनच असते. प्रेफरन्सेसमध्ये आयपायथन कन्सोलच्या ग्राफिक्समध्ये जाऊन बॅकएंड 'ऑटोमॅटिक' करा आणि कर्नल पुन्हा सुरू करा. ज्युपिटरमध्ये 'आयपीवायएमपीएल' हे पॅकेज टाकून 'विजेट' मोड लावावा लागतो. खेड्यातली पोरं मोबाइलवरच कोलॅब उघडून कोड लिहितात, तिथंही सुरुवातीला फोटोच मिळतो. उबुंटूवर टीकेचं पॅकेज नसेल तर मॅटप्लॉटलिब गुपचूप अॅगवर जातं आणि विंडोच उघडत नाही.

बटन कोणी धरून ठेवलंय?

सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केलेला दोष हाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पायथनमध्ये एखादी वस्तू तोवरच जगते जोवर तिला कुठलं तरी नाव धरून आहे. आता समजा 'बटनं_लावा' असं फंक्शन तुम्ही लिहिलं. त्यात 'ब' नावात बटन बनवलं, 'ऑन_क्लिक्ड' जोडलं, फंक्शन संपलं. संपताच 'ब' हे नाव गेलं. बटनाला धरणारं कोणी उरलं नाही, पायथननं ते झाडून टाकलं. पण बटनाची चौकट आणि त्यावरची अक्षरं आलेखाच्या मालकीची असल्यामुळं तशीच पडद्यावर राहतात. मेलेल्या बटनाचं कातडं म्हणालो ते हेच.

इथं कोणीही हुशार विचारतं, "पण सर, ऑन_क्लिक्ड केलं ना? मग विंडोनं धरायला नको का त्याले?" नाही धरत. मॅटप्लॉटलिब मुद्दाम वस्तूंच्या मेथडना, म्हणजे वस्तूच्या पोटातल्या फंक्शनांना, सैल धरतं, म्हणजे त्या धरण्यामुळं वस्तू जिवंत राहात नाही. नाहीतर बंद केलेल्या विंडोंचा कचरा मेमरीत साचत गेला असता. सुटं फंक्शन किंवा लॅम्डा (जागेवरच लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) दिलं तर ते घट्ट धरतं. माउस-कीबोर्डच्या घटनांना फंक्शन जोडणाऱ्या 'एमपीएल_कनेक्ट'लाही हाच नियम. म्हणून एखाद्या क्लासची मेथड जोडली आणि त्या क्लासची वस्तू कुठं ठेवलीच नाही, की तेच होणार. अशा वस्तू एकमेकींना धरून असल्या तर पायथनची पुढची झाडझूड होईपर्यंत तग धरतात. "थोडा वेळ चालतं, मग मान टाकतं" त्यातून येतं.

उपाय एका ओळीचा. फाइलच्या वरच्या बाजूला 'बटनं' नावाची रिकामी यादी ठेवा आणि बनवलेलं प्रत्येक बटन तीत टाका. क्लास लिहीत असाल तर 'सेल्फ.बटनं'. स्लायडर आणि निवडीचे चौकोन यांनाही हेच लागू.

पाच बटनं, एकच तालुका

हा दोष मला सगळ्यात घातक वाटतो, कारण बटन चालतं.

गेल्या खरिपात एक कृषी सहायक लॅपटॉप घेऊन आले. बाहेर पाऊस, लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर एक ट्यूब आणि माझा पीसी. "भाऊ, कायच समजून नाही राहिलं. वणी दाबा, मारेगाव दाबा, घाटंजी दाबा, सगळीकडं पतंग सारखेच येऊन राहिले." केळापूर दाबलं, तेच. पाचवं बटन झरी जामणीचं, तेही तेच. आकडे झरी जामणीचे होते.

लूपमध्ये बटनं बनवताना 'लॅम्डा ई: दाखवा(तालुका)' असं लिहिलेलं. लॅम्डा बनते तेव्हा तालुक्याचं मूल्य उचलत नाही, नाव लक्षात ठेवते. मूल्य बघते ते बटन दाबल्यावर. तोवर लूप संपून 'तालुका' या नावात शेवटचाच तालुका उरलेला असतो. 'लॅम्डा ई, तालुका=तालुका: दाखवा(तालुका)' केलं की त्या त्या वेळचं मूल्य जागेवरच बांधलं जातं.

यात पुढं आणखी एक खड्डा आहे. क्यूटीच्या टूलबारवर 'अॅडअॅक्शन'नं बटन टाकलं आणि तिथं 'लॅम्डा तालुका=तालुका:' लिहिलं, तर कोणताच तालुका येत नाही, येतो 'फॉल्स'. क्यूटी दाबण्याच्या संकेतासोबत बटन दबलेलं (टिक केलेलं) आहे की नाही हे खरं-खोटं पाठवतं, ते पहिल्या जागेत जाऊन बसतं आणि आपण बांधलेलं मूल्य उडवतं. तिथंही आधी एक बिनकामाची जागा सोडायची: 'लॅम्डा टिक, तालुका=तालुका:'. एकदा दुरुस्त करून गेलेली माणसं याच खड्ड्यात पडून पुन्हा येतात.

तपासायला सोपी युक्ती: आलेखाच्या शीर्षकात तालुक्याचं नाव आकड्यांच्याच तक्त्यातून घ्या, बटनाच्या नावातून नको. मग बटन आणि शीर्षक जुळत नाही हे बघणाऱ्यालाच दिसतं. त्या दिवशी शीर्षक बटनाच्या मजकुरातून घेतलं होतं, म्हणून वणी लिहिलेल्या आलेखावर झरी जामणीचे पतंग बिनबोभाट बसले होते.

काम झालंय, दिसत नाही

विंडोचा कोपरा ओढून ती लहानमोठी करा. बदल उमटला तर सगळं ठीक आहे, फक्त आलेख पुन्हा काढायला सांगायचं राहिलंय. कॉलबॅकच्या शेवटी 'फिग.कॅनव्हास.ड्रॉ_आयडल()'. आकडे बदलले असतील तर त्याआधी 'रीलिम' आणि 'ऑटोस्केल_व्ह्यू', नाहीतर जून महिन्याच्या अक्षांवर ऑगस्टचा पाऊस काढला जातो आणि रेघ चौकटीच्या बाहेर निघून जाते.

दोन विंडो उघड्या असतील तर 'पीएलटी'पासून सुरू होणाऱ्या आज्ञा कॉलबॅकमध्ये टाळा. त्या 'सध्याच्या' विंडोवर चालतात आणि ती तुमच्या मनातली असेलच असं नाही. आपल्या 'एएक्स' आणि 'फिग'ला थेट हाक मारा.

होम, आणि कीबोर्डच्या काही कळी

होमचं बटन तुमच्या आकड्यांकडे बघत नाही. पहिल्यांदा झूम किंवा पॅन (आलेख धरून सरकवणं) केलं तेव्हाचं दृश्य त्यानं जपलेलं असतं, तिथंच नेतं. तालुका बदलल्यावर टूलबारवर 'अपडेट()' चालवा. नावावरून वाटत नाही, पण त्यानं जुन्या दृश्यांची रांग पुसली जाते आणि पुढच्या झूमपासून होम नव्यानं ठरतं.

कीबोर्डच्या कळी कॉलबॅकला जोडत असाल तर आधीपासून नेमलेल्या कळी माहीत पाहिजेत. 'के' कापसासाठी घेतली की कापूस तर येतो, पण आडवा अक्षही लॉगरिदमचा होतो. 'पी' पावसाला दिली की पॅन सुरू होतं, 'एस' सापळ्याला दिली की सेव्हची खिडकी डोक्यावर येते, 'एल'नं उभा अक्ष बदलतो आणि 'क्यू'नं विंडोच बंद. 'आरसीपॅरम्स' या मॅटप्लॉटलिबच्या सेटिंग्जमधल्या 'कीमॅप'मधून ती कळ काढून टाका, किंवा दुसरी घ्या.

टूलबारवर बटन येतच नाही

इथून पुढं काम जरा अवघड. आतापर्यंतचं आटोपल्याशिवाय इकडं येऊ नका.

टूलबारवर कोणती बटनं ते 'टूलआयटम्स' ठरवतं. त्यात प्रत्येक बटनामागे चार गोष्टी लागतात: नाव, माउस धरल्यावरची टीप, चित्राच्या फाइलचं नाव आणि मेथडचं नाव. चौथी गोष्ट अवतरणातलं नुसतं नाव असतं, फंक्शन नव्हे, आणि त्या नावाची मेथड टूलबारच्या क्लासमध्येच असावी लागते. लोक बाहेर फंक्शन लिहितात, इथं त्याचं नाव देतात, मग 'अॅट्रिब्यूटएरर' येतो. टूलबारचा आपला उपक्लास करून मेथड त्यात टाकायची, हा धोपटमार्ग. चित्राचं नाव पहिल्या चाचणीत 'होम' असंच द्या. लायब्ररीचं स्वतःचं चित्र असल्यामुळं ते नक्की सापडतं, आणि अडचण चित्राची की बटनाची हे कळतं.

आता दोन बारकावे, दोन्हींनी माझी एकेक संध्याकाळ खाल्लीय. मूळ क्लासमधली 'टूलआयटम्स'ची यादी बदलली तर टीकेवर फरक पडतो, क्यूटीवर नाही. क्यूटीच्या क्लासनं ती यादी आधीच उतरवून घेऊन आपली वेगळी केलेली असते, त्यात अक्ष-रेघांच्या मांडणीचं एक बटनही वाढवलेलं असतं. तेव्हा ज्या क्लासचा टूलबार समोर आहे त्याचीच यादी बदलायची. आणि विंडो बनण्याआधी बदलायची. टूलबार एकदा उभा राहिला की यादी परत कोणी वाचत नाही.

टॉगल हवं असेल, म्हणजे दाबलं की दबलेलं राहावं, तर तेही आपोआप होत नाही. क्यूटीवर फक्त पॅन आणि झूम यांना तो गुण मिळतो. आपल्या बटनाला 'सेटचेकेबल' स्वतः लावावं लागतं.

दुसरा रस्ता 'टूलमॅनेजर'चा, २०१५ च्या १.५ आवृत्तीपासूनचा. त्यात बटन म्हणजे एक क्लास आणि कॉलबॅक म्हणजे त्याची 'ट्रिगर' मेथड, त्यामुळं मांडणी खूप सुटसुटीत होते. "'ननटाइप'कडे 'अॅड_टूल' नाही" अशी चूक आली तर विंडो बनवण्याआधी 'आरसीपॅरम्स'मध्ये 'टूलबार'ची किंमत 'टूलमॅनेजर' करायची राहिली आहे. सुरू करताच तो प्रायोगिक असल्याची ताकीद छापतो, घाबरू नका. पण वर्षानुवर्षं चालवायच्या कामात मी तो वापरत नाही.

मराठी अक्षरं

विजेटचं बटन मॅटप्लॉटलिब स्वतः रंगवतं, आणि त्याच्या नेहमीच्या देजावू फॉन्टमध्ये देवनागरी नाही. म्हणून चौकोन. निर्मला किंवा नोटो सान्स देवनागरी लावला की चौकोन जातात, पण माझ्याकडच्या आवृत्त्यांत जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी तरी बिघडलेलीच राहतात: 'दिग्रस'ची वेलांटी 'द'च्या डावीकडं न बसता उजवीकडं जाते आणि 'ग्र'चे दोन तुकडे होतात. क्यूटीच्या टूलबारवरचा मजकूर क्यूटी लिहितं आणि ते बरोबर लिहितं. मराठी नावं पाहिजेत तर बटनं आलेखात नको, टूलबारवर घ्या. मी तसंच करतो.

ऑक्टेव्ह आणि मॅटलॅबवाल्यांसाठी

अभियांत्रिकीची पोरंही येतात, त्यांच्यापुरतं थोडक्यात. 'यूआयपुशटूल'चा 'क्लिक्डकॉलबॅक' अवतरणातली ओळ म्हणून दिला तर तो बेस वर्कस्पेसमध्ये चालतो. तुमच्या फंक्शनमधले आकडे त्याला दिसत नाहीत. फंक्शन हँडल द्या, आणि त्यात दोन जागा ठेवा, कोणी दाबलं आणि काय घडलं. मॅटलॅबमध्ये 'फाइंडऑब्ज'ला टूलबार सापडत नाही कारण तो लपवलेला असतो, 'फाइंडऑल' वापरा. आर२०१८बी पासून झूम-पॅन अक्षांच्या कोपऱ्यातल्या छोट्या टूलबारवर गेलेत. जुन्या नोट्स पाहून वरच्या टूलबारवर शोधत बसू नका. ऑक्टेव्हमध्ये 'ग्राफिक्स_टूलकिट' क्यूटी आहे का ते बघा, ग्नूप्लॉटवर ही बटनं येत नाहीत.

इथं थांबा

पुढच्या जागी मी स्वतः हात काढून घेतो आणि क्यूटीचं काम रोज करणाऱ्या माणसाला फोन लावतो.

विंडो गायब होते, टर्मिनलमधून चालवूनही पायथनची एकही ओळ येत नाही, नुसतं 'सेगमेंटेशन फॉल्ट'. हा बिघाड पायथनच्या खालचा आहे. फार तर एक नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजांचं वेगळं घर) करून त्यात एकच क्यूटी टाकून बघा, कारण पायक्यूटी आणि पायसाइड ही क्यूटीची दोन पॅकेजं एकाच घरात नांदताना असं होतं. तेवढ्यानं गेलं नाही तर पुढं जाऊ नका.

बटन दाबलं की विंडो अर्धा मिनिट गोठते आणि तुम्ही थ्रेड लावायच्या, म्हणजे ते काम बाजूला समांतर चालवायच्या विचारात आहात. कॉलबॅक संपेपर्यंत विंडो गोठणारच, तो दोष नव्हे. फाइल आधीच वाचून ठेवा. थ्रेडमधून आलेखाला हात लावला तर दहा वेळा चालेल आणि अकराव्यांदा पाहुण्यांसमोर पडेल.

लायब्ररीची स्वतःची फाइल उघडून बदल करावासा वाटतोय. नका करू. पुढच्या अपडेटला तो बदल पुसला जाईल आणि तोवर तुम्ही तो केला होता हेही विसरला असाल.

आणि ज्या आलेखावरून कोणी फवारणी करणार आहे किंवा पंचनाम्याला जोडणार आहे, त्यात कोणतं बटन कोणत्या तालुक्याचे आकडे काढतं हे तुम्हाला छातीठोक सांगता येत नसेल, तर ती बटनं काढून टाका आणि साधा तक्ता छापून द्या. कृषी सहायकांना त्या संध्याकाळी मी आधी तक्ताच छापून दिला, लॅम्डा नंतर बघितली.

जाणकाराला पाठवताना अख्खा प्रकल्प पाठवू नका. आकड्यांच्या जागी १, २, ३ टाकून दोष तसाच दाखवणारी वीस-पंचवीस ओळींची फाइल करा. ती करता करताच निम्म्या लोकांना चूक सापडते. सोबत पायथन, मॅटप्लॉटलिब आणि क्यूटीच्या आवृत्त्या, 'गेट_बॅकएंड'चं उत्तर, आणि टर्मिनलमधला मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, कॉपी करून. पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो नको. त्यात पंख्याची सावली दिसते, कंस दिसत नाही.